बदकवाल्याचा डोळा

"चार हजार वर्षं हा सेवक मिटल्या डोळ्यांनी आपल्या धन्याची चाकरी करतो आहे," असं डॉ. पोतनीस माइकवर म्हणाले आणि शेजारच्या दालनातून छिन्नीचा आवाज आला.

टक. टक टक.

सभागृहात शंभरेक माणसं होती. कुणाला वाटलं असेल खिळा ठोकतायत, कुणाला वाटलं असेल पंखा वाजतोय. मी मात्र उडालेच. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले होते. अक्षरं कोरायची बारीक छिन्नी, तिच्यावर दोन हलके घाव, मग फुंकर, मग आणखी एक घाव. मी शेजारी पाहिलं. माझे वडील, आबा, "जाऊन येतो" म्हणून उठले होते त्याला दहा मिनिटं झाली होती. खुर्चीवर त्यांचा पटका तेवढा होता.

मी पळाले. इजिप्तच्या दालनात आबा दोरीच्या आत, दगडाला नाक लावून उभे होते. मला बघून त्यांनी छिन्नी कोटाच्या खिशात टाकली आणि दगडावरची पूड अंगठ्यानं पुसली.

"झालं गं," ते म्हणाले. "उघाडला."

मग सगळे आले. पोतनीस पुढे, त्यांच्या मागे हार घातलेले पाहुणे, आणि मागे सगळं सभागृह. "धरा त्याला!" पोतनीस ओरडले. आबा कुठंही पळत नव्हते. दोन जिने चढले की त्यांना बसावं लागायचं, ते काय पळणार? तरी संग्रहालयाच्या हुसेन जमादारांनी येऊन त्यांचा दंड धरला. तो धरलेला दंड मी आजतागायत विसरलेले नाही. का, ते सांगते.

आमच्या धामणगडच्या महाराजांनी कधीकाळी परदेशातून येताना कैरोला एक चुनखडीचा कोरीव दगड विकत घेतला. इजिप्तमधल्या कुठल्याशा थडग्याच्या भिंतीचा तुकडा. एक धनी आणि त्याची बायको खुर्च्यांवर बसलेत, पुढे पाव रचून ठेवलेलं मेज आहे आणि खाली चाकरांची रांग खाणंपिणं घेऊन चाललीय. सगळ्यांचे चेहरे एका बाजूनं, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा अख्खा. गाडीतून उतरवताना दगडाचा कोपरा फुटला. त्यात रांगेतल्या शेवटच्या चाकराचं डोकं आणि खांदा गेला. त्याच्या हातातलं बदक राहिलं, म्हणून गावात त्याला बदकवाला म्हणत.

१९७२ साली संग्रहालयाचे प्रमुख राजाध्यक्ष साहेब होते. त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून गेलेला कोपरा नवा करून बसवायला सांगितला. माझे वडील भैरू सटवाजी पाथरवट. देवळाच्या पायऱ्यांवर, घाटांवर, पाणपोयांवर दात्यांची नावं कोरणं हा त्यांचा धंदा. त्यांना वाचता येत नव्हतं. मी शाळेत जायला लागल्यापासून आमची रीत अशी, की मी दगडावर गेरूनं नाव लिहायचं आणि त्यांनी ते माझ्या वळणात जसंच्या तसं कोरायचं. काय लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला मात्र दर वेळी एकच विचारायचे, "नाव पुरं सांगा. बापाच्या नावासकट. दगड हाय, परत पुसता यायचा न्हाई." एखादा म्हणायचा, राहू दे हो, आडनाव पुरे. मग आबा छिन्नी खालीच ठेवून द्यायचे.

तर त्यांनी पोरबंदरी दगड आणला आणि एकवीस दिवस त्या भिंतीसमोर बैठक मारली. मी सहा वर्षांची होते, डबा घेऊन जायची. दालनात उजेड कमी, म्हणून हुसेन जमादार खिडकीत आरसा धरून उभे राहायचे आणि ऊन तिरकं दगडावर पाडायचे. एकवीस दिवस! "भैरूभाऊ, अजून थोडा डावीकडं घेऊ का?" असं विचारायचे. आमच्या डब्यातली भाकरी खायचे. नवा दगड पांढरा दिसू नये म्हणून त्याला चहाचं पाणी पाजलं, ते पाणीही त्यांनीच उकळून आणलं होतं.

चेहरा झाला, केस झाले, खांदा झाला. डोळा आबांनी ठेवला. नुसता फुगीर गोळा, वर ना पापणीची रेघ, ना बुबुळ. हा आमच्यात रिवाज आहे. मूर्तीचा डोळा शेवटी उघडायचा, आणि काम सांगणाऱ्यानं जे कबूल केलंय ते पुरं केल्यावरच उघडायचा. राजाध्यक्ष साहेबांनी आपण होऊन कबूल केलं होतं की खालच्या पाटीवर नाव घालीन. 'कोपऱ्याचे काम: भैरू सटवाजी पाथरवट'. माणूस शब्दाचा पक्का होता, पण पाटी रंगवून यायच्या आत झटक्यानं गेला. पुढच्या साहेबांना आबा दोनदा भेटले. त्यांनी "बघू" म्हटलं. त्यांच्या पुढच्यांनी दारातूनच परतवून लावलं. बदकवाला सोळा वर्षं डोळा मिटून उभा राहिला.

आणि मग प्रमुख म्हणून डॉ. पोतनीस आले. विद्वान माणूस, नाही कशाला म्हणू? त्यांनी तो मिटलेला डोळा पाहिला आणि त्यांना साक्षात्कार झाला. हा चाकर आंधळा आहे! थडग्यातल्या चाकरांच्या रांगेत आंधळा माणूस कुणी पाहिला नव्हता. त्यांनी लेख लिहिला, परिषदेत वाचला, आणि आता त्याचं पुस्तक निघत होतं. पेपरात फोटो आला. मी आबांना बातमी वाचून दाखवली तेव्हा मी मोठमोठ्यानं हसत होते. ते हसले नाहीत. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी त्यांच्या फुफ्फुसात दगडाची धूळ बसलीय आणि आता फार दिवस नाहीत असं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

"चंद्रा," ते म्हणाले, "मला एकदा साहेबाकडं घिऊन चल. जन्मभर लोकांची नावं कोरली. माजं येक ऱ्हायलंय."

पुस्तकाच्या समारंभाच्या आठ दिवस आधी मी त्यांना घेऊन गेले. बावीस वर्षांची होते, डी.एड. करत होते, आणि खरं बोललं की काम होतं अशी माझी ठाम समजूत होती.

पोतनीसांनी सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण काढत-घालत होते.

"पुरावा?" त्यांनी विचारलं.

"डोळा मिटल्याला हाय, त्योच पुरावा," आबा म्हणाले. "म्या उघाडला न्हाई."

"म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे डोळे तुम्ही मिटलेत!" पोतनीस हसले. "बाबा, फुटलेला कोपरा पुन्हा जोडला असेल, सांधा मलाही दिसतो. पण हा चेहरा? हा हात बघा. ही रेघ बघा. हे काम गावच्या पाथरवटाचं नव्हे."

आबांचा चेहरा उजळला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. समोरचा माणूस त्यांना खोटं ठरवत होता आणि त्यांना त्यात फक्त कौतुक ऐकू आलं होतं.

"सर, माणसं साक्षीला आहेत," मी म्हटलं. "हुसेनचाचांना विचारा."

चहा घेऊन आलेल्या हुसेन जमादारांना पोतनीसांनी विचारलं. "काय हो, कुणी पाथरवट आला होता का तुमच्या वेळेला, दगड बसवायला?"

हुसेनचाचांनी कप ठेवले, बश्या सारख्या केल्या. "साहेब, लई जुनी गोष्ट. ध्यानात न्हाई," ते म्हणाले. त्यांना निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलं होतं.

म्हणून तो दंड धरलेला मी विसरलेले नाही.

आता पुन्हा समारंभाच्या दिवशी. पाहुण्यांना चहाला पिटाळलं. आबांना बाहेरच्या बाकावर हवालदाराशेजारी बसवलं. पोतनीस आणि मी दगडासमोर उभे होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, माझे पायच मला त्यांच्या मागे घेऊन गेले.

डोळा बघण्यासारखा झाला होता. वरची पापणी एका ओढीत आली होती, कानाकडे निमुळती होत गेलेली, शेजारच्या चाकरांसारखीच. बुबुळाची बारीक कड. आणि जिथं छिन्नी लागली होती तिथं चहाच्या रंगाखालचा पोरबंदरी दगड बाहेर आला होता, पांढरा, वाळूच्या दाण्यांचा. शेजारी जुना दगड लोण्यासारखा एकसंध. शेंबड्या पोरालाही फरक कळला असता.

पोतनीस वाकले. खिशातून भिंग काढलं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती मान लाल झाली. त्यांनी भिंग मिटवलं, खिशात ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑफिसात ये."

त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलंय. आणि माझी अक्कल बघा, मला वाटलं आता ते माफी मागणार!

ऑफिसात त्यांनी दार लावून घेतलं. माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला.

"तू शिकलेली मुलगी आहेस," ते म्हणाले. "पुरातन वस्तूची नासधूस हा लहान गुन्हा नाही. हवालदार बाहेर आहे. मी तक्रार दिली तर दोन-चार दिवस तरी आत काढावे लागतील. त्यांची तब्येत..."

"ती वस्तू पुरातन नाही. तुम्ही आत्ता भिंगातून पाहिलंत."

"मी काय पाहिलं ते मी ठरवतो." आवाज चढलाच नाही त्यांचा. "तक्रार नको असेल तर लिहून दे. वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी विषय संपवतो. म्हाताऱ्या, आजारी माणसाला कुणाला त्रास द्यायचाय?"

बाहेर आबांना खोकला लागला. दारातून तो आत ऐकू येत होता. उबळ यायची, थांबली असं वाटायचं आणि पुन्हा यायची. कोठडीत हा माणूस एक दिवस काढणार नाही हे मला दिसत होतं.

मी पेन उचललं. राग आला की माझे हात थंड पडतात. त्या दिवशी बोटं इतकी गार पडली होती की पेन दोनदा निसटलं. पोतनीस सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'माझे वडील भैरू सटवाजी पाथरवट यांच्या मनावर परिणाम झालेला असून...' इथवर आले. पुढे ते म्हणाले, "लिही, सदर शिल्प आपण घडविल्याचा त्यांना भ्रम आहे."

"हे मी लिहिणार नाही."

"बरं."

"वेडे म्हणा. भ्रम आहे असं नाही लिहिणार. त्यांनी केलंय ते."

पोतनीस उठले आणि दाराच्या कडीला हात घातला. बाहेर आबा खोकतच होते.

मी लिहिलं. शाळेत हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस मिळवणारी मुलगी मी. सुरेख लिहिलं.

"त्यांची पण सही घे," पोतनीस म्हणाले.

कागद घेऊन मी बाहेर गेले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हाय?" असं विचारलंसुद्धा नाही. मी लिहिलंय ना, मग झालं. त्यांना जन्मात एवढीच एक गोष्ट लिहिता येत होती, स्वतःचं नाव. ते त्यांनी कोरल्यासारखं, एकेक रेघ दाबून लिहिलं. हवालदारानं कौतुकानं "वा" म्हटलं.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर मी त्यांच्यावरच घसरले. दुसरं कोण होतं माझ्या हाताशी?

"काय गरज होती आबा? भर सभेत? कुणाला दाखवायचं होतं तुमाला?"

"कुणाला न्हाई."

"मग?"

"त्या बिचाऱ्यानं काय केलं हुतं गं?" आबा म्हणाले. "नाव माजं ऱ्हायलं, आन डोळं त्याचं मिटलं. सोळा वर्सं माज्या हट्टापायी उभा ऱ्हायला. त्यात त्या साहेबानं पुस्तकात त्याला आंधळा करून टाकला. मी मेल्यावर कोण उघाडणार हुतं? म्हटलं, नगं आपल्याला पाटी. ह्याला तरी मोकळा करू."

म्हणजे ते भांडायला गेलेच नव्हते. ते आपला हक्क सोडायला गेले होते. आणि मी आत बसून त्यांच्या कामावर पाणी सोडून आले होते! मला ते पोटात ठेवता येईना. मी सगळं सांगितलं. वेडे म्हटल्याचं सांगितलं, भ्रमाचंही सांगितलं, शब्द न् शब्द.

आबा गाड्यांकडे बघत बसले. आमची गाडी लागली तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "नाव पुरं लिवलंस न्हवं? बापाच्या नावासकट?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," ते म्हणाले आणि पटका डोक्याला गुंडाळत गाडीकडे चालू लागले.

मला त्यांचा असा संताप आला! वाटलं, टोमणा मारतायत. वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते चैत्रात गेले, आणि तोवर त्या कागदाबद्दल आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नाही. पोतनीसांची पुढे मोठ्या जागेवर बदली झाली. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत फोटो जुनाच होता, मिटलेल्या डोळ्याचा.

मी तीस वर्षं त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. शाळेची सहल तिकडे निघाली की मला त्या दिवशी नेमका ताप यायचा. मुख्याध्यापक असताना मुदतीआधीच निवृत्ती घेतली त्या वर्षी, स्वतःचीच लाज वाटून, एका सकाळी गेले. दालनात नवे दिवे होते. बदकवाला त्याच कोपऱ्यात, टक्क डोळा उघडा ठेवून चालला होता. खाली नवी पाटी होती. शेवटची ओळ अशी: 'उजवीकडील सेवकाच्या मुद्रेस १९८८ साली एका मनोरुग्णाने इजा केली.'

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण दोन पहारेकरी आणि आतून एक तरुण अधिकारी बाई धावत आल्या. शर्वरी कदम त्यांचं नाव. मला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, आम्ही मनानं नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मुलीचंच पत्र आहे फाईलमध्ये."

"दाखवा."

कागद पिवळा पडला होता. माझं वळण. माझा सुरेख 'भ'. खाली आबांची सही, दाबून दाबून लिहिलेली. उलट बाजूनं बोट फिरवलं तर लागत होती.

"बहात्तर सालचं काही आहे? त्यांच्या नावाचं दुसरं काही?"

"नाही हो. जुनी दप्तरं वाळवीनं गेली. त्यांचं नाव असलेला एवढा एकच कागद आहे इथं."

बापाच्या नावासकट. तेव्हा मला स्टँडवरचा तो प्रश्न कळला. टोमणा नव्हता तो. त्यांना पाटी मिळाली नव्हती, कागद मिळाला होता, आणि त्यावरचं नाव पुरं आहे ना एवढीच त्यांनी, गिऱ्हाइकाकडून करून घ्यायचे तशी, खात्री करून घेतली होती. मी त्या पोरीसमोर हमसून हमसून रडले. रडता रडता पोतनीसांना शिव्या दिल्या, हुसेनचाचांना दिल्या, आणि सगळ्यात जास्त स्वतःला दिल्या.

शर्वरी कदमांनी कागद फाईलमध्ये नीट ठेवला. मग म्हणाल्या, "एक सांगू? मला नेहमी वाटायचं, मनोरुग्णाचा हात इतका स्थिर कसा? एक घाव वाकडा नाही." आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं होतं?"

"हो."

"मग आता खरं लिहून द्याल?"

तिथंच बसून चार पानं लिहिली. आरसा, चहाचं पाणी, पोरबंदरी दगड, सगळं लिहिलं. त्यांनी वर शिफारस जोडली आणि दगडाची तपासणी करावी असंही सुचवलं. भली पोर, पण वर्षभरात तिची बदली झाली.

मी खोटं लिहिलं तेव्हा ते संग्रहालयानं उभ्या उभ्या, शाई वाळायच्या आत खरं मानलं होतं. खरं लिहिलेलं सहा वर्षं चौकशीसाठी मुंबईला पडून आहे. दर महिन्याला मी फोन करते. परवाही केला. नवीनच कुणी तरी होता.

"फाईल फिरतीये, आजी," तो म्हणाला. "पाटीवर नाव घालायचं म्हणजे असं पटकन होत नसतं. आणि एका नावासाठी एवढं काय?"

माझी बोटं गार पडली. मी वही पुढे ओढली आणि पेन उघडलं.

"तुमचं नाव सांगा," मी म्हटलं.

"माझं? कशाला?"

"लिहून घेते. पुरं सांगा, वडिलांच्या नावासकट."